अडीच तास
(मंडळाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)

तत्त्वज्ञान हा काही माझा विषय नाही, माझी रोजीरोटी डेटाबेसवर चालते. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

टेबलावर पुस्तक ठेवलं. पुस्तक बदललं का? नाही. टेबल? तेही नाही. म्हणजे हे नातं दोघांच्याही बाहेरचं. आपल्या न्याय-वैशेषिकांनी याला 'संयोग' म्हटलं. वेगवेगळ्या राहू शकणाऱ्या दोन वस्तू जवळ आल्या, पुन्हा दूर गेल्या. धागे आणि कापड यांचं तसं नाही. धागे काढले तर कापडच उरत नाही. तो 'समवाय'. इंग्लंडमध्येही शंभरेक वर्षांपूर्वी असाच वाद रंगला. ब्रॅडलीचं म्हणणं, निव्वळ बाहेरचं नातं ही कल्पनाच टिकत नाही. १९०७ साली बर्ट्रांड रसेलने त्याला विरोध केला: नातं खरं असतं, पण ते वस्तूच्या स्वभावात मुरलेलं असायलाच हवं असं नाही. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना रसेल चटकन पटतो. कर्मचारी एका टेबलात (हे टेबल वेगळं!), प्रोजेक्ट दुसऱ्यात, कोण कुठे काम करतो ते तिसऱ्यात. तिसऱ्यातली ओळ पुसली तर पहिल्या दोघांना पत्ताही लागत नाही. कन्सल्टंटची नोकरी अशीच जाते, असो.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत बाबा गेले. सांगलीत पहाटेचे पाच, इथे न्यू जर्सीत आदल्या संध्याकाळचे साडेसहा. दादाचा फोन आला नऊला. मधल्या अडीच तासांत मी गाडी चालवत घरी आलो, वरणभात जेवलो, मुलीची गणितं घेतली, टीव्हीवरच्या कुठल्याशा विनोदाला मोठ्याने हसलोसुद्धा. माझ्यात काही म्हणजे काहीही बदललं नव्हतं. आणि तरी माझं पितृछत्र साडेसहालाच हरपलं होतं, नऊला नव्हे. रसेलला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

पण तिथेच मी अडतो. बाबांशी माझं नातं काही टेबल-पुस्तकाचं नव्हतं. पुस्तक टेबलाशिवायही पुस्तकच. बाबांशिवाय मी झालोच नसतो. मग हा समवाय म्हणावा, तर धागा गेला तेव्हाच कापड जायला हवं होतं. कापड तर हसत होतं! दोन्हींपैकी कुठल्याच खणात हे नातं बसत नाही, आणि ते हसू अजून मनातून जात नाही.

गेल्या महिन्यात हे सगळं फोनवर आईला सांगितलं. रसेल वगैरे तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे, दादाला मीच थांबवलं होतं. म्हटलं, त्याला आधी घरी पोचू दे. जेवला होतास ना तू?"