शिवेचा दगड

माझी शाळा चौथीपर्यंत. गळ्यात वीणा नसली की मला बोलायला सुधरत न्हाई, पण शताब्दीला काहीतरी सांगा म्हणून मंडळींचा आग्रह. तर आज एका दगडाची हकिकत सांगतो.

सराटीला तुकोबारायांच्या पादुकांना नीरास्नान होतं आणि नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपून सोलापूर लागतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. खाली नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते, तिथं तर इंदापूर, माळशिरस, माढा असे तीन तालुके समोरासमोर येतात. आपल्या दिंडीची गावंही तशीच. नदीच्या अलीकडं दोन, पलीकडं एक. तिघांच्या शिवा मिळतात तिथं वरच्या दरडीवर दगड आहे असं सगळ्यांनी ऐकलेलं, दाखवणारा मात्र कुणी न्हाई.

नदी काय एका जागी बसत नाही. एका काठाची दरड खाते, दुसऱ्या काठाला मळई टाकते. त्या मळईवरून आपल्यात भांडण लागलं. भांडण एवढं पेटलं की दोन वर्षं दिंडीच फुटली. एक वीणा पुढं, एक मागं, आणि मुक्कामाला पंगती वेगळ्या. त्या दोन वाऱ्या आठवल्या की अजून जेवण गोड लागत न्हाई.

शेवटी मोजणी आणली. भूकरमापक पोरगा नातवाच्या वयाचा, पण हुशार. जुनी टिपणं घेऊन आला. इंग्रजांच्या काळी 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी नवी जमाबंदी बसवली ती पहिल्यांदा आपल्या इंदापूर तालुक्यातच. त्या वेळची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. पोरगा म्हणाला, "बाबा, पाणी हलतं, माप हलत नाही. ज्या खुणा जागेवर आहेत तिथून मोजत येऊ." जुनी विहीर धरली, तिन्ही गावांचे शाबूत असलेले दगड धरले आणि रेघा जुळवल्या.

रेघा मिळाल्या त्या माझ्या उसात. बांधापासून नऊ फूट आत.

बांधाच्या कोपऱ्यावर आमचा म्हसोबा. दिंडी निघाली की पहिला विसावा तिथं, तुळस तिथं उतरते. मी म्हणालो, मापात चूक असंल. तेव्हा पलीकडच्या आळीची म्हातारी, नव्वदीची, काठी टेकत म्हणाली, "लेकरा, त्यो म्हसोबा न्हवं. शिवंचा दगड हाय. तुझ्या आज्यानं बैलं लावून ओढला. शेंदूर मागनं लागला."

माणसं माझ्याकडं बघायला लागली. आदल्याच एकादशीला मी लोभावर दोन तास बोललो होतो.

उसात खणलं. तीन हातांवर कोळसा आणि खापऱ्या निघाल्या. जुन्या स्मृतिग्रंथांत सांगितलंय की शिवेच्या खुणेखाली कोळसा, खापऱ्या, तूस पुरून ठेवावं. ते लवकर कुजत नाही, आणि वरचा दगड कुणी हलवला तरी खालची खूण बोलते. आज्याला दगड हलवता आला, कोळसा न्हाई.

नऊ फूट रुंद, तीनशे फूट लांब. अडीच गुंठ्याला थोडी कमी. थोरला मुलगा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. ऊस निघाल्यावर बांध मागं घेतला. नारळ फोडून, तिन्ही गावांच्या माणसांनी पहारी लावून दगड जागेवर नेला. मळईही त्याच दगडावरून मोजली, थोडी इकडं गेली, थोडी तिकडं. कुणीच पुरता खूश झाला नाही. पण त्या आषाढीला वीणा एकच होती.

विसावा आता नऊ फूट अलीकडं होतो, एवढाच फरक. वेडी बाभळ मात्र पुन्हा माजतीय. कोयता चालवायची पाळी यंदा पलीकडच्या गावाची आहे, तेवढी वारीच्या आधी उरका. रामकृष्णहरी.