चांदबिबीच्या गावात आपले स्वागत

आदरणीय अध्यक्ष महोदय, देशभरातून आलेले प्रतिरक्षाशास्त्रज्ञ आणि नगरकर बंधुभगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपले अहिल्यानगरात मनःपूर्वक स्वागत करतो.

१४९० साली मलिक अहमद निजामशहाने सीनाकाठी हे शहर वसवले. अहिल्यादेवींचे चोंडी याच जिल्ह्यातले. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले ते आमच्याच भुईकोट किल्ल्यात, बंदिवासात. पण व्यासपीठ मिळाले की मी चांदबिबीवरच येतो, हे नगरकरांना ठाऊक आहे. १५९५ च्या डिसेंबरात मोगलांनी किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तशी बिबी स्वतः खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत बांधून घेतली. एवढे लढूनही पुढे वऱ्हाड देऊन तिने तह केला, कारण कुठे थांबायचे हे तिला कळत होते. १६०० साली पुन्हा तहाची वेळ आली, तेव्हा फितुरीच्या संशयावरून तिच्याच सैनिकांनी तिला मारले. उद्याच्या सहलीत डोंगरावर दिसेल तो 'चांदबिबीचा महाल' म्हणजे खरे तर सलाबतखानाची कबर. नगरकरांनी मात्र ती बिबीच्या नावावर करून टाकली आहे!

मी पडलो कांद्याचा आडतदार. आपला विषय आमच्या डॉक्टर मंडळींनी मला दोन बैठकांत शिकवला. पेशी एकमेकींना सायटोकाइन नावाच्या प्रथिनांतून निरोप धाडतात. इंटरल्यूकिन-२ लढाऊ टी-पेशींना चेतवते आणि त्यांना आवरणाऱ्या नियंत्रक टी-पेशींनाही तेच जगवते. इंटरल्यूकिन-१० दाह शमवते. या नियंत्रक पेशींवरील संशोधनाला २०२५ चे नोबेल मिळाले. तोल सुटला की काय होते, ते करोनातल्या सायटोकाइनच्या वादळात आपण पाहिले. आमवातात शरीराचे सैन्य स्वतःच्याच सांध्यांवर उठते, असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला आमची बिबीच आठवली. विषयाशी माझा संबंध एवढाच. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आता उणिवांविषयी. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल क्षमस्व. हॉटेलांत खोल्या पुरल्या नाहीत, म्हणून काही पाहुण्यांची सोय मंगल कार्यालयात केली आहे. गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळेल. वीज गेली तर जनरेटर आहे, पण तो सुरू होईपर्यंत वक्त्यांनी दम धरावा. मार्केट यार्डातले व्यापारी, साखर कारखाने, औषध विक्रेते, मंडपवाले, आचारी आणि रात्रभर जागलेले महाविद्यालयीन स्वयंसेवक या सर्वांचे ऋण मोठे आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर त्यांनी रागावू नये. जेवणाच्या पंगतीत मी हात जोडून समोर येईन.

ज्वारीची भाकरी, पिठले आणि ठेचा तयार आहे. ठेचा मात्र बेताने घ्यावा. पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत!