यंत्रे दोन, कामे सात



वसंत व्याख्यानमालेत वेदान्त, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या पंक्तीत, लहान कारखान्यातील संगणकांवर कामे कशी वाटावीत, हा विषय कोणाला रुक्ष वाटला तर नवल नाही. परंतु आपल्या शहरातील किती घरांच्या चुली लहान धंद्यांवर पेटतात ते आठवावे, आणि त्या धंद्यांची बिले, पगाराचे तक्ते, उधारीच्या नोंदी व जीएसटीची विवरणे आज कोठे असतात याचा विचार करावा. ती आता लाल कापडात बांधलेल्या वहीत नाहीत. कोपऱ्यातल्या एका लोखंडी पेटीत आहेत. ती पेटी बंद पडली की माल दारात अडतो, बिल निघत नाही, आणि सात तारखेला कामगाराच्या हाती पगार पडत नाही. म्हणून हा विषय यंत्राचा दिसला तरी तो मूलतः जबाबदारीचा आहे, असे आम्ही मानतो.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना सेवा पुरवणारे यंत्र. समजा, सुटे भाग बनविणारा पंचवीस माणसांचा एक कारखाना आहे. त्याच्याकडे सर्व्हर दोनच, प्रत्येकात ३२ जीबी मेमरी, आणि तिसरा घेण्याची मालकाची या वर्षी ऐपत नाही. कामे मात्र सात आहेत. आत कोणी यावे आणि काय पाहावे हे ठरविणे, हे पहिले. ते करणाऱ्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. जाळ्यातील यंत्रांची नावे व पत्ते राखणे, हे दुसरे. नकाशे, पत्रे, दरपत्रके यांच्या फायली सांभाळणे, हे तिसरे. छपाई चौथे, हिशोब पाचवे, बाहेरगावच्या माणसाला आत घेण्याचा दरवाजा सहावे, आणि बॅकअप, म्हणजे सर्वांच्या नकला राखणे, हे सातवे. ई-मेल बहुतेक लहान धंदे आता भाड्यानेच घेतात, म्हणून ते आम्ही मोजलेले नाही.

सातही कामे एका यंत्रावर घालावीत आणि दुसरे अडीअडचणीसाठी झाकून ठेवावे, असा मोह होतो. हा मोह केवळ आपल्याकडच्या काटकसरीतून येतो असे नाही. १९९७ साली मायक्रोसॉफ्टने ‘स्मॉल बिझनेस सर्व्हर’ नावाचा संच विकण्यास सुरुवात केली. त्यात ओळख, फायली, छपाई, टपाल अशी सारी कामे एकाच यंत्रावर नांदत. २०११ च्या आवृत्तीनंतर ती मालिका थांबली. आणि डेटाबेस डोमेन कंट्रोलरवर बसवू नये, असा त्याच कंपनीचा एरवीचा सल्ला आहे.

दुसरा मार्ग म्हणजे यंत्रांची ताकद मोजून कामे वाटणे: जड काम मोठ्या यंत्रावर, हलके लहानावर. हा मार्ग वाईट नाही. परंतु तो अपुरा आहे. आमचे म्हणणे असे की, यंत्रे थोडी असतात तेव्हा ताकदीच्या आधी अपघात मोजावा. प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारावेत. हे काम किती वेळ बंद राहिलेले चालेल? आणि हे काम दुसऱ्या कोणत्या कामाबरोबर एकाच अपघातात जाता कामा नये?

पहिल्या प्रश्नाची उत्तरे कधी कधी अनपेक्षित येतात. यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम महत्त्वाचे खरे. पण विंडोजच्या व्यवस्थेत एकदा दिलेला पत्ता साधारणपणे आठ दिवसांसाठी असतो. म्हणून ते काम एखादा दिवस थांबले तरी बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. छपाई दुपारपर्यंत थांबू शकेल. हिशोब मात्र, महिन्याचे जीएसटी विवरण २० तारखेला भरावयाचे असताना, एक तासही थांबू शकत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी पेढीवरचा जुना शहाणपणा आठवावा. गल्ला सांभाळणाऱ्यानेच वही लिहू नये, माणसे दोनच असली तरी ही कामे दोघांत वाटावीत, असे जाणते व्यापारी सांगत आले आहेत. ओळख तपासणे आणि हिशोब ठेवणे ही अशीच जोडी आहे. डोमेन कंट्रोलरवर त्या एका यंत्रापुरता वेगळा व्यवस्थापक नसतो. हिशोबाचा प्रोग्राम दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला तेथे व्यवस्थापकाचा अधिकार दिला, की साऱ्या कारखान्याच्या किल्ल्या त्याच्या हाती गेल्या. शिवाय यंत्र डोमेन कंट्रोलर झाले की, विंडोज आपल्या नोंदींच्या सुरक्षिततेसाठी त्या डिस्कवर घाईने लिहिण्याची सोय बंद करते. ओळखीच्या नोंदींना ते हितकारक असते, हिशोबाच्या डेटाबेसला मात्र मंद करते.

मग दोन यंत्रांत ही वेगळी राहणारी कामे बसवायची कशी? येथे आभासी यंत्रांची युक्ती उपयोगी पडते. एका खऱ्या यंत्राच्या पोटात अनेक स्वतंत्र यंत्रे चालविणे, ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही व्यवस्था जाहीर केली होती. आज तीच सोय हायपर-व्ही, केव्हीएम अशा नावांनी लहान यंत्रावरही मिळते. मात्र तिच्याविषयी भ्रम नसावा. वाड्यात खोल्या वेगळ्या केल्या म्हणजे एका बिऱ्हाडाचे भांडण दुसऱ्यात जात नाही. पण आढे मोडले तर छप्पर सर्वांवरच पडते. आभासी यंत्रे आपल्याला खोल्या देतात. निराळे छप्पर हवे असेल तर दुसरे खरे यंत्रच लागते.

तेव्हा आमच्या कारखान्याची मांडणी अशी होईल. पहिल्या यंत्रावर एका खोलीत डोमेन कंट्रोलर, त्याच्याबरोबर नावे व पत्ते; दुसऱ्या खोलीत फायली आणि छपाई. दुसऱ्या यंत्रावर एका खोलीत हिशोब, आणि दुसरीत आणखी एक डोमेन कंट्रोलर, जो नावांची यादीही राखील. विंडोज २००० पासून हे दोन्ही कंट्रोलर बरोबरीचे असतात. पाच विशेष अधिकार तेवढे एका वेळी एकेकाकडेच असतात, आणि मूळ धनी कायमचा गेला तर ते उरलेल्याला घेता येतात.

आता मेमरीचा हिशोब करू. प्रत्येक डोमेन कंट्रोलरला ४ जीबी, फायलींना ८, हिशोबाला ८, आणि प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या कारभाराला ४ जीबी धरावे. म्हणजे प्रत्येक यंत्रावर १६ जीबी खर्ची पडले आणि १६ रिकामे राहिले. मालक विचारील, “निम्मी जागा रिकामी कशाला? पैसे मोजलेत ना?” त्यांना सांगावे, “मालक, ती जागा रिकामी नाही, राखीव आहे.” पहिले यंत्र गेले तर फायलींचे ८ जीबी दुसऱ्यावर मावतात, दुसरे गेले तर हिशोब पहिल्यावर मावतो. दोन्ही यंत्रे काठोकाठ भरली, तर दोन असूनही एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत. परवान्याचीही आठवण ठेवावी. विंडोज सर्व्हरचा स्टँडर्ड परवाना एका पूर्ण परवानाधारक यंत्रावर दोन आभासी विंडोज चालवू देतो. फायलींची खोली लिनक्स आणि सांबा यांवर ठेवली, तर आणीबाणीतही ही मर्यादा मोडत नाही.

बाहेरचा दरवाजा या दोन्ही यंत्रांवर नको. वाड्यात परका माणूस ओसरीवर बसतो, त्याला एकदम माजघरात नेत नाहीत. बाहेरून येणाऱ्याची तपासणी राउटर किंवा फायरवॉल अशा वेगळ्या उपकरणावर व्हावी. फायलींचे किंवा हिशोबाचे यंत्र सरळ इंटरनेटला उघडे करणे म्हणजे कोठाराचे दार रस्त्यावर काढणे होय.

बॅकअपविषयी तर आम्ही हात जोडून सांगू. एकाच यंत्रात दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला जातो, त्याला बॅकअप समजू नये. चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून एकाच क्षणी पुसली जाते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या संगणक-केंद्राला आग लागली आणि एक इमारत संपूर्ण नष्ट झाली. ज्यांचे मूळ आणि नक्कल दोन्ही तेथेच होते, त्यांतील कित्येकांना काहीच परत मिळाले नाही. म्हणून नकलांसाठी साधी का होईना, वेगळी साठवण-पेटी घ्यावी, आणि एक प्रत जाळ्यापासून तोडून कारखान्याच्या बाहेर ठेवावी.

आणखी दोन बारीक गोष्टी. वीज जाऊन परत आली की यंत्रे कोणत्या क्रमाने उठतात ते पाहावे. खऱ्या यंत्रात शिरण्याची परवानगी त्याच्याच पोटातल्या कंट्रोलरकडून घ्यावी लागत असेल, तर पेटीची किल्ली पेटीतच राहिली. म्हणून यंत्राचे एक स्वतंत्र खाते आणि त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात, तिजोरीत असावा. दुसरी गोष्ट घड्याळाची. डोमेनमधील घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला तर साधारणतः ओळखच नाकारली जाते. तेव्हा वेळ एकाच विश्वासू ठिकाणाहून घ्यावी. आपल्या देशात सीईआरटी-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनीही घड्याळे जुळवून ठेवण्यास आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस राखण्यास सांगितले आहे.

कोणी म्हणेल, हा सारा खटाटोप कशाला? सगळेच भाड्याने घ्यावे. घ्यावे की! काही धंद्यांना तेच योग्य. परंतु भाड्याच्या जागेतही आपले दोन प्रश्न सुटत नाहीत: काय किती वेळ थांबू शकते, आणि काय एकत्र जाता कामा नये. स्ट्रासबर्गचे ग्राहकही भाडेकरूच होते.

शेवटी एकच विनंती. ही मांडणी एका कागदावर लिहावी: काम, यंत्र, ते बंद पडल्यास पर्याय, आणि जबाबदार माणूस. तो कागद संगणकात न ठेवता भिंतीवर लावावा. दर तीन महिन्यांनी, एखाद्या सुटीच्या दिवशी, एक यंत्र मुद्दाम बंद करून पाहावे आणि बॅकअपमधून एखादी फाईल खरोखर परत आणावी. तिसरे यंत्र विकत घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. पण ही शिस्त प्रत्येकाच्या आवाक्यातली आहे, आणि पंचवीस घरांचा पगार तिच्या भरवशावर आहे.