नकाराची पत्रे आणि आपल्या मुली

(वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



आनंदाच्या प्रसंगी नकारांविषयी बोलायचे हे जरा विचित्र वाटेल. परंतु गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकी तिघीचौघींनी मला एकच प्रश्न विचारला : "मुलगी कायद्याची पदवी चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाली, तरी तिला सॉलिसिटरकडे उमेदवारी मिळत नाही. तिच्यात काय कमी आहे?" सॉलिसिटरांच्या पेढीत काम करताना असे अर्ज वाचण्याचे काम माझ्या वाट्याला आले. म्हणून या प्रश्नाचे उत्तर देणे मी कर्तव्य समजते.

इंग्लंडात सॉलिसिटर होण्यास नुसती पदवी पुरत नाही. एस.क्यू.ई. ही सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेली परीक्षा आहे. तिच्या पहिल्या भागात ३६० प्रश्न असतात. दुसऱ्या भागात अशिलाशी बोलणे, मसुदा लिहिणे, बाजू मांडणे अशी १६ कामे करून दाखवावी लागतात. याशिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा. हा अनुभव एकाच पेढीत सलग मिळतो, त्या कराराला ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट म्हणतात, आणि सगळी धडपड चालते ती त्यासाठी. मोठ्या पेढ्या आपले उमेदवार बहुधा दोन वर्षे आधीच निवडून ठेवतात. जागा थोड्या डझनांत आणि अर्ज हजारांत! तेव्हा बहुतेकांना नकार येणार हे गणितच सांगते. त्यात मुलीच्या योग्यतेचा निवाडा नसतो.

पण गणितावर सारे ढकलूनही चालणार नाही. नकार आला की तो कोणत्या पायरीवर आला, हे आधी पाहावे. अर्जावरच आला तर दोष बहुधा अर्जात असतो. एकच मजकूर चाळीस ठिकाणी पाठवायचा आणि पेढीचे नाव तेवढे बदलायचे, असे अर्ज वाचणाराला दोन ओळींत ओळखू येतात. त्यापेक्षा आठदहा पेढ्या निवडाव्या, त्या कोणाची कामे करतात ते वाचावे, आणि आपल्याला तेच काम का हवे ते सरळ लिहावे. आपल्या मुली आणखी एक गोष्ट करतात. घरच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या असतात, आजीला दवाखान्यात नेऊन डॉक्टरांशी बोललेल्या असतात, पण अर्जात त्याचा उल्लेख नसतो. माणसांशी नीट बोलता येणे हे या धंद्याचे अर्धे भांडवल आहे. ते लपवू नये.

नकार बुद्धिमापनाच्या चाचणीवर आला, तर तिचा सराव होऊ शकतो. मुलाखतीनंतर आला, तर पत्र लिहून कारण विचारावे. पुष्कळ पेढ्या ते सांगतात. एक वही करून अर्जाची तारीख, पायरी आणि कारण लिहीत गेल्यास चारपाच नकारांनंतर काय सुधारायचे ते आपोआप दिसू लागते.

दुसरी गोष्ट पुष्कळ घरांत माहीतच नसते. दोन वर्षांचा अनुभव आता एकाच ठिकाणी घेण्याचे बंधन नाही. जास्तीत जास्त चार ठिकाणचा मिळूनही चालतो. पॅरालीगल म्हणून केलेली नोकरी, विद्यापीठाच्या कायदा सल्ला केंद्रातले काम, लॉ सेंटरमधले काम, हे सारे धरता येते. मात्र कामाची नोंद ठेवून ती सॉलिसिटरकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. म्हणजे मोठा दरवाजा उघडला नाही तरी खिडक्या आहेत. ज्या सुना भारतात वकिलीची सनद घेऊन इकडे आल्या आहेत, त्यांना तर ही दोन वर्षांची अटही लागू नाही. त्यांनी चौकशी अवश्य करावी.

पैशाचेही सांगते. परीक्षेच्या दोन्ही भागांची फी मिळून चार हजार पौंडांच्या वर जाते, शिकवणीचा खर्च निराळा. पुष्कळ मोठ्या पेढ्या आपल्या निवडलेल्या उमेदवाराची फी भरतात. पहिल्या भागात अनेक वेळा निम्म्याच्या आसपास उमेदवार अडतात, आणि प्रत्येक भागाला तीनदाच बसता येते. तेव्हा घाईने फी भरून टाकण्याआधी तयारी आणि पैसा, दोन्हींचा विचार व्हावा.

भगिनींनो, नकार कशाला म्हणतात ते आपल्या आधीच्या स्त्रियांना विचारावे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना केवळ स्त्री म्हणून नाकारली गेली. १८९२ साली त्या ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडले. १९१३ साली इंग्लंडात चार तरुणींनी लॉ सोसायटीच्या परीक्षेला बसू द्या म्हणून दावा लावला. कोर्टाने सांगितले, सॉलिसिटरांच्या कायद्यात 'व्यक्ती' या शब्दात स्त्री येत नाही! १९१९ साली कायदा बदलला. १९२२ साली ज्या पहिल्या चार स्त्रिया ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या, त्यांत मॉड क्रॉफ्ट्स या होत्या, आणि त्या १९१३ च्या दाव्यातल्या चौघींपैकीच एक. त्यांना आलेला नकार स्त्रीजातीला होता. आपल्या मुलीला येणारा नकार एका कागदाला असतो, आणि कागद पुन्हा लिहिता येतो.

शेवटी आपल्याविषयी, म्हणजे आयांविषयी. "अमकीच्या मुलीला मिळाले, तुझे काय झाले?" हा प्रश्न हळदीकुंकवाला विचारला जातो आणि रात्री घरी पोहोचतो. मुलगी तो ऐकते आणि पुढचा नकार लपवू लागते. लपवलेल्या नकारातून शिकता येत नाही. तेव्हा तिला निकाल विचारण्याऐवजी "आज मला मुलाखत घेऊ दे, तू उत्तरे दे" असे म्हणा. कायदा समजला नाही तरी हरकत नाही. आईला समजेल असे जिला सांगता येते, तिला अशिलालाही सांगता येईल. आणि आपल्यापैकी ज्या वकिलीच्या, बँकेच्या किंवा कौन्सिलच्या कचेरीत काम करतात, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ या मुलींचे अर्ज वाचायला द्यावी, अशी माझी मंडळाला विनंती आहे. त्याला खर्च चहाचाच येईल.