देणगी एकाची, खर्च सर्वांचा
(महासंघाच्या अभ्यासवर्गातील भाषण)

रेल्वे आणि टपाल कामगारांनी शाळांच्या पैशांवर का बोलावे, असे काहींना वाटेल. पण आपल्यापैकी कितीतरी जण महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकूनच नोकरीला लागलो. आपली मुले सरकारी आयटीआयमध्ये जातात. या संस्थांना खाजगी प्रायोजक मिळवून द्यावेत, असे धोरण आता आपल्याकडे रुजते आहे. इंग्लंडने हा प्रयोग आपल्या आधी केला. तिथला हिशेब आपण आज तपासू.

ऑक्टोबर १९८६ मध्ये तिथले शिक्षणमंत्री केनेथ बेकर यांनी 'सिटी टेक्नॉलॉजी कॉलेज' या योजनेची घोषणा केली. नाव कॉलेजचे असले तरी या माध्यमिक शाळा होत्या. इमारत आणि साधनसामग्रीचा मोठा वाटा उद्योगांनी उचलायचा, चालू खर्च सरकारने करायचा आणि शाळा मात्र स्थानिक लोकनियुक्त संस्थेच्या कक्षेबाहेर ठेवायची, असा बेत होता. २० शाळा काढायच्या होत्या, निघाल्या १५. कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि इमारतींचा बहुतेक खर्चही अखेर सरकारच्याच तिजोरीवर पडला.

पुढे १९९३-९४ पासून चालू सरकारी शाळांनाच एखाद्या विषयात 'विशेष' दर्जा देण्याची योजना आली. आधी तंत्रज्ञान, मग भाषा, कला आणि क्रीडा. अट अशी की शाळेने खाजगी प्रायोजकांकडून १ लाख पौंड आणायचे. मग सरकार तेवढेच अनुदान देणार, शिवाय दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १०० पौंड जादा. १,००० मुलांच्या शाळेचा तीन वर्षांचा हिशेब मांडू. प्रायोजकाचे १ लाख, सरकारचे ४ लाख. शिक्षकांचे पगार आणि नेहमीचा खर्च सरकार करतच होते, तो वेगळा. पण फलकावर नाव कोणाचे?

या पैशांतून प्रयोगशाळा झाल्या, संगणक आले, हे आम्ही नाकारत नाही. प्रश्न आहे तो हे पैसे कोणत्या शाळेला मिळाले, हा. ज्या शाळेच्या पालकांत कारखानदार, बँकवाले होते, तिला प्रायोजक लवकर सापडला. गरीब वस्तीतली शाळा दारोदार फिरत राहिली. म्हणजे सरकारचा पैसाही गरजेप्रमाणे न जाता ओळखीप्रमाणे गेला! १९९९ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने अट ५० हजार पौंडांवर आणली. पुढे प्रायोजक न मिळणाऱ्या शाळांसाठी वेगळा निधीही उभारावा लागला. अखेर बहुतेक सर्व माध्यमिक शाळा 'विशेष' झाल्या आणि २०११ पासून या योजनेचा स्वतंत्र निधी बंद झाला.

दरम्यान २००२ पासून 'अकॅडमी' शाळा सुरू झाल्या. सुरुवातीच्या अटींप्रमाणे प्रायोजकाने जास्तीत जास्त २० लाख पौंड द्यायचे. बाकीचे बांधकाम आणि सगळा चालू खर्च सरकारचा. तरी शाळेच्या नियामक मंडळावर बहुमत प्रायोजकाच्या माणसांचे! शिक्षकांच्या राष्ट्रीय वेतनश्रेणीचे बंधनही या शाळांवर नव्हते. 'नॅशनल युनियन ऑफ टीचर्स'ने विरोध केला तो यासाठी. पुढे पैसे देण्याची अट रद्द झाली. प्रायोजकाचे नियंत्रण मात्र राहिले.

साथींनो, हे सारे परदेशातले म्हणून सोडून देऊ नका. २००७ मध्ये आपल्या केंद्र सरकारने १,३९६ सरकारी आयटीआय सार्वजनिक-खाजगी भागीदारीत सुधारण्याची योजना आणली. व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद उद्योगाच्या प्रतिनिधीला आणि प्रत्येक संस्थेला अडीच कोटी रुपयांपर्यंतचे बिनव्याजी कर्ज केंद्राचे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळा दत्तक देण्याची योजना काढली. तीत देणगीदाराचे नाव ठराविक काळासाठी शाळेच्या नावाला जोडण्याची सोय ठेवली.

आम्ही देणगीच्या विरोधात नाही. गावोगावच्या शाळा लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या, हा आपला अभिमान आहे. पण आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, सरकारचे किती आणि देणगीदाराचे किती, हा हिशेब शाळेच्या फलकावर लागावा. दोन, देणगीतून साधने यावीत. शिक्षकांची पदे आणि पगार ही सरकारचीच जबाबदारी राहावी. तीन, देणगी देणाऱ्याला कारभाराची सत्ता मिळू नये. चार, ज्या शाळेला दाता मिळत नाही, तिला सरकारी निधीत पहिला मान मिळावा.

यासाठी मोर्चाच काढावा लागेल असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या जागांवर आपल्यातले किती जण बसतात? ड्यूटी सांभाळून महिन्यातून एकदा त्या बैठकीला जाऊन हिशेबाचे कागद मागायचे, एवढे तरी प्रत्येकाने करावे. रेल्वे आणि टपाल ही जनतेची मालमत्ता आहे, असे आपण दर सभेत सांगतो. शाळाही जनतेचीच आहे.

कामगार एकजूट जिंदाबाद!