डबा तोच राहू द्या



कोल्हापूरच्या शाहूपुरीत बाजाराला आलेला माणूस
जाताना तणनाशकाचा डबा घेतो.
गावात शेजारी थोडं मागतो.
थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ते ओतून दिलं जातं.

घोळ इथंच होतो.
लेबल डब्यावर राहतं,
आणि विष बाटलीत जातं.
उन्हातून आलेलं पोर ती बाटली तोंडाला लावतं.
म्हणून, डबा तोच राहू द्या.

विष प्यावंच लागतं, असंही नाही.
2017 साली यवतमाळ जिल्ह्यात
कपाशी माणसाच्या उंचीला भिडली होती.
कीटकनाशकाचा फवारा तोंडावर, अंगावर येत होता.
श्वासातून, कातडीतून विष भिनलं.
20च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले.
शेकडो जण दवाखान्यात होते.

आता परदेशाचं बघू.
अमेरिकेतही अपघाती विषबाधेनं खूप माणसं मरतात.
पण तिथं बहुतेक बळी अमली पदार्थांचे असतात.
आपल्याकडे कीटकनाशक, विषारी दारू, घरातलं रॉकेल.
नुसता आकडा ऐकून देशांची तुलना केली, तर फसायला होतं.

कुणाच्या पोटात विष गेलंच,
तर मीठपाणी पाजून ओकारी काढू नका.
रॉकेल असेल, तर ओकताना ते फुप्फुसात उतरू शकतं.

अंगावर सांडलं असेल, तर कपडे काढा.
साबणानं अंग धुवा.
लगेच कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना गाठा.
आणि तो डबा सोबत घ्या.
लेबलावरचं नाव दिसलं,
की डॉक्टरांना उपचार ठरवणं सोपं जातं.