आधी बॅटरी काढा

(मुलुंड येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर आजचा विषय ‘बिनवायरची विद्युत हत्यारे आणि सुरक्षितता’ असा छापला आहे. काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरी होती, उद्या अर्थसंकल्प आहे. मध्येच ड्रिल आणि ग्राइंडर कुठून आले, असा प्रश्न पहिल्या रांगेत काही चेहऱ्यांवर दिसतोय. (हशा) ज्यांच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे किंवा नुकताच झाला आहे, त्यांनी कृपया हात वर करा. बघा, निम्मं सभागृह झालं. म्हणून हा विषय.

नव्या घराचा ताबा मिळाला की आठवड्याच्या आत फर्निचरवाला हजर होतो. पूर्वी तो एक्स्टेन्शन बोर्डाचं भेंडोळं खांद्यावर टाकून यायचा. आता पाठीवर सॅक असते. सॅकमध्ये ड्रिल, चार इंची ग्राइंडर, तीन-चार बॅटऱ्या आणि त्यांच्यातच सुटे स्क्रू. वायर कुठेच नाही. मालक खूश, सोसायटीचा वॉचमन खूश, कारण जिन्यातून वायरी ओढल्याची तक्रार नाही.

मला सांगायचं आहे ते सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण वेळेचं काही खरं नसतं. हत्याराच्या पात्याला, बिटाला किंवा डिस्कला बोट लावायच्या आधी बॅटरी काढायची आणि खिशात टाकायची. हत्यार दुसऱ्याच्या हातात देताना बॅटरी काढायची. चहाला उठताना बॅटरी काढायची. गॉगल, गार्ड या सगळ्या गोष्टी मी मानतो, पण त्या याच्या मागून येतात.

याचं कारण असं. वायरच्या हत्याराला प्लग होता. आयटीआयमध्ये मी फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवत होतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात करवतीच्याही आधी प्लग काढायला शिकवायचो. नुसता काढून भागत नसे. काढलेला प्लग आपल्या नजरेसमोर टेबलावर ठेवायचा, मगच पान्याला हात. पोरं कंटाळायची, पण हाताला ते वळण लागायचं. वायर गेली तसा प्लग गेला, आणि प्लगबरोबर ते वळणही गेलं. आज मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणतो, “साहेब, करंट कुठे आहे यात? वायरच नाही.” या एका वाक्याने माझी झोप उडते. करंट त्याच्या मुठीच्या खाली, चार बोटांवर, सतत भरून बसलेला आहे.

इथे बसलेल्या ज्येष्ठांना हे जास्त समजावून सांगायला नको. कुर्ल्याचं प्रीमियर ऑटोमोबाईल्स, मुकुंद, भांडुपचं जीकेडब्ल्यू, सिएट, आपल्या मुलुंडचं रिचर्डसन क्रूडास. लालबहादूर शास्त्री मार्गावर भोंग्यावर जगलेली ही पिढी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम २१ म्हणजे फिरत्या यंत्राला आवरण, कलम ३५ म्हणजे डोळ्यांचं संरक्षण. हे आपल्यापैकी अनेकांनी प्रेस शॉपच्या भिंतीवर वाचलेलं आहे, त्यामुळे त्यात मी जात नाही. एवढंच लक्षात आणून देतो की तो कायदा कारखान्याच्या फाटकावर थांबत होता. तुमच्या चौदाव्या मजल्यावरच्या दोन बेडरूममध्ये दोन सुतार काम करतात, तिथे फॅक्टरी इन्स्पेक्टर कधीच येत नव्हता. तेच यंत्र, तोच वेग, तीच बोटं, आणि देखरेखीला घरमालक.

बॅटरीचं रसायनशास्त्रही मी सोडून देतो. लिथियम-आयन बॅटरीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं नोबेल मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांतून सगळं छापून आलं होतं.

इतिहासातली एक गोष्ट मात्र सांगतो. पुष्कळांची समजूत असते की बिनवायरचं ड्रिल ‘नासा’ने शोधलं. तसं नाही. ब्लॅक अँड डेकर कंपनीने ते १९६१ मध्येच बाजारात आणलं होतं. पण चंद्रावर न्यायच्या ड्रिलचा मोटरचा भाग याच कंपनीने बनवला, हे खरं. १९७१ च्या जुलै महिन्यात अपोलो १५ उतरलं. अंतराळवीर डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन. काम असं होतं की चंद्राच्या पोटातून किती उष्णता वर येते ते मोजायचं, आणि त्यासाठी सुमारे तीन मीटर खोल भोकं पाडून त्यांत तापमापक सोडायचे. हवा नाही, पाणी नाही, वरून धूळ मऊ दिसते. स्कॉटने ड्रिल लावलं. थोडं खाली गेलं आणि अडकलं. जमीन खाली इतकी दाबून बसलेली निघाली की पोकळ नळीभोवतीची माती वर यायला जागाच मिळेना. दीड मीटरच्या आसपास गाडी थांबली. नळ्या चकमध्ये, म्हणजे ड्रिलच्या पकडीत, घट्ट बसल्या, त्या सोडवताना वेळ गेला. ह्यूस्टनहून सूचना येत होत्या, घड्याळ पळत होतं. त्यानंतर मातीचा नमुना घ्यायला त्यांनी दुसरीकडे लांब नळी खाली घातली, तर ती वर येईना. शेवटी दोघांनी ड्रिलच्या दांड्यांखाली आपापले खांदे लावले आणि रेटा देऊन देऊन ती उपटली. त्या नळीतली माती पृथ्वीवर आली आणि शास्त्रज्ञांना चंद्राच्या जमिनीचे थरच्या थर वाचायला मिळाले. अपोलो १६ च्या आधी नळ्यांवरचे आटे बदलले, मग ड्रिल सरळ खाली गेलं. पण अपोलो १६ वर उष्णता मोजायच्या उपकरणाची केबल अंतराळवीर यंगच्या पायात अडकून तुटली आणि…

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.)

हो, हो. चंद्रावरून खाली येतो. (हशा) पण ही गोष्ट मी उगीच सांगितली नाही. बिट अडकलं की मोटर थांबत नाही, ती आपल्याला फिरवायला बघते. आपल्या बाजारात मिळणारं साधं अठरा व्होल्टचं ड्रिल ५० न्यूटन-मीटर पीळ देतं. मूठ बिटाच्या रेषेपासून १५ सेंटीमीटर दूर असेल, तर मनगटाला क्षणात चौतीस किलोचा हिसका बसतो. म्हणून खोक्यात येणारा बाजूचा दांडा लावायचा. म्हणून ड्रिलच्या गळ्यात आकड्यांची कडी असते. स्क्रू पिळताना ती लहान आकड्यावर ठेवली की अडकल्याबरोबर कट-कट आवाज होतो, चक थांबतो आणि मोटर मोकळी फिरते. आणि म्हणून ड्रिल चालवताना कापडी हातमोजे नकोत, ओढणी नको, मनगटावरचा देवाचा दोराही आत खोचलेला हवा. भक्तीला त्याने काही कमीपणा येत नाही.

आता ग्राइंडर. चार इंची डिस्क, मिनिटाला साडेआठ हजार फेरे. गुणाकार केला तर डिस्कची कड ताशी १६० किलोमीटरने धावते. वंदे भारतला जो कमाल वेग परवानगीने मिळतो, तो. ही कड सुताराच्या पोटापासून दीड फुटावर असते. गार्ड काढून ठेवलेला असतो, कारण कोपऱ्यात तो आड येतो. आणि डिस्क धातू कापायची नसून दात असलेली, लाकूड कापायची पाती असते. हे मी अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि इकडे घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत सगळीकडे बघतो. ग्राइंडरवर लाकडाची दाताची पाती लावू नका, लावू देऊ नका. दात प्लायमध्ये रुततो आणि अख्खं हत्यार उलट उसळतं. लाकडाला जिगसॉ आहे, सर्क्युलर सॉ आहे. दगड-लोखंडाच्या डिस्कच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीख छापलेली असते, तीही बघा. राळेने बांधलेली डिस्क साधारण तीन वर्षांनी कमकुवत होते आणि फिरताना फुटू शकते.

आमच्या इमारतीत घडलेलं सांगतो. वरच्या मजल्यावर काम चालू होतं. मुलगा तरुण, हाताने चलाख. ग्राइंडर चालू असतानाच बॅटरी संपली. मशीन थांबलं, पण पाठीवरचा सरकता खटका पुढेच राहिला. त्याने मशीन मांडीवर घेतलं, जुनी बॅटरी काढली, डाव्या हाताने डिस्क धरली आणि उजव्या हाताने नवी बॅटरी सरकवली. टक् असा आवाज झाला. चांगल्या यंत्रात अशा वेळी मोटर चालू होत नाही. खटका मागे घेऊन पुन्हा पुढे केल्याशिवाय ते हलत नाही. याच्या स्वस्तातल्या यंत्रात ती सोय नव्हती. तर्जनीचं पुढचं पेर गेलं. मी वर पोचलो तेव्हा कोणीतरी ते पेर फ्रीजमधल्या बर्फात टाकायला निघालं होतं.

हे नीट ऐका. तुटलेलं बोट थेट बर्फात घालायचं नाही, पेशी गोठून मरतात. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. जखमेवर दाब, हात वर, आणि जिथे हाताची शस्त्रक्रिया होते तिथे थेट जायचं. थंड ठेवलेलं बोट बराच काळ टिकतं, पण वाटेत दोन दवाखान्यांत कागद भरत बसू नका. त्या मुलाचं पेर बसलं नाही. तो आता उजव्या हाताने खिळा धरतो, मी बघतो त्याला.

(श्रोत्यांमधून: “सर, हे सुतारांना सांगा ना! आम्हाला कशाला?”)

प्रश्न रास्त आहे, थोडा रागही आहे त्यात, आणि मला तो आवडला. सुतारांनाही सांगतो. पण सुताराला दिवसाला किती फुटांचं काम हवं ते कोण ठरवतं? सोसायटीने दोन ते चार आवाज बंद ठेवलाय, सहा वाजता काम थांबवायचं, आणि गृहप्रवेशाचा मुहूर्त गुरुजींनी आधीच काढलाय. मधल्या वेळेत बॅटरी काढ-घाल करायला त्याला उसंत कोण देणार? ठेका ठरवतानाच कागदावर लिहा: ग्राइंडरला गार्ड, डोळ्याला गॉगल, पाती बदलताना बॅटरी बाहेर. आणि एकदा स्वतः जाऊन उभे राहा. खंडेनवमीला आपण हत्यारांना हळद-कुंकू वाहतो. ज्या हातात ते हत्यार असतं, त्याच्या गॉगलचे पैसे आपण मोजले तर काय बिघडलं? (टाळ्या)

दुसरी चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात. मग पळतो.

बॅटरी विकत घेताना आकड्यांना भुलू नका. ‘४८ व्होल्ट’, ‘८८ व्होल्ट’ असं ठळक छापलेल्या स्वस्त बॅटऱ्या येतात. उघडून बघितली तर आत बोटाएवढे पाच सेल एकामागे एक. सेलचे ३.६ व्होल्ट धरा, पाचाचे अठरा. पूर्ण चार्ज झाल्यावर एकवीस. बाकी सगळा छपाईचा खर्च. (हशा) अशा बॅटरीत तापमान बघणारा भाग बहुधा नसतो, आणि आग लागण्याचं मूळ तिथे आहे. नुकतीच काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर लावायची नाही, थंड होऊ द्यायची. मे महिन्यात खिडकीच्या उन्हात चार्जर ठेवायचा नाही. सुट्या स्क्रूंच्या डब्यात बॅटरी टाकायची नाही. दोन टोकं एका स्क्रूने जोडली गेली तर तो स्क्रू लाल होतो. अठरा व्होल्ट, पाच अँपिअर-तास म्हणजे नव्वद वॉट-तास. विमानात शंभरच्या पुढची बॅटरी परवानगीशिवाय नेता येत नाही, यावरून अंदाज घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं. पुष्कळ सुतार काम चालू असलेल्या फ्लॅटमध्येच झोपतात. रात्री भुश्शात, प्लायच्या थप्पीवर बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या, शेजारी सनमायका चिकटवायच्या उग्र वासाच्या गोंदाचा डबा उघडा, आणि दाराला बाहेरून कुलूप. हे कुलूप आजच्या आज काढा. चार्जिंग दिवसा, कोणी जागं असताना, उघड्या लादीवर. रात्री सगळं बंद.

आता भिंत. बॅटरीचं ड्रिल शॉक देत नाही, हेही खोटं. भिंतीत महावितरणचे २३० व्होल्ट आहेत. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली वायर असते, तिथे भोक पाडू नका. पाडायचंच असेल तर मेन बंद करा, आणि मेन बंद असतानाही ड्रिल चालतं, हा बॅटरीचा खरा फायदा आहे.

एका ताईंनी चिठ्ठीवर विचारलंय, जुन्या बॅटरीचं काय करायचं. सुक्या कचऱ्यात नको. कचऱ्याची गाडी माल दाबते आणि दाबलेला सेल पेट घेतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्या. फुगलेली बॅटरी असेल तर तोपर्यंत घरात ठेवू नका, बाल्कनीत सावलीला, मातीच्या कुंडीत ठेवा.

तिसरी चिठ्ठी. थांबतो. मागच्या टेबलावर दोन ड्रिल आणि एक ग्राइंडर ठेवला आहे. डिस्कवरची तारीख आणि गार्ड कसा बसतो ते बघायचं असेल त्यांनी या, हातात घेऊन बघा. बॅटऱ्या संयोजकांच्या कपाटात आहेत.